तूर आपली, डाळ कोणाची?

मंडळी, एक साधा प्रश्न विचारतो. आज तुमच्या घरी वरण झाले असेल. ते ज्या डाळीचे झाले, ती डाळ आली कोठून?

बरेच जण म्हणतील, "दुकानातून." बरोबर. दुकानात कोठून आली? "अकोल्याहून. नाहीतर अमरावतीहून." तेही बरोबर. आणि अकोल्याला कोठून गेली? आता जरा थांबावे लागते. कारण अकोल्याला ती गेली आपल्याच शेतातून. कपाशीच्या नाहीतर सोयाबीनच्या ओळींमधून जी तूर उभी होती, तीच पोत्यात बसून शहरात गेली आणि साल काढून, चकचकीत होऊन परत आली. जाताना तिचा भाव एक होता. येताना दुसरा झाला.

हा मधला प्रवास आपण नीट समजून घेऊ.

तूर पेरतात मृगात. काढतात पौष-माघात. पिकाला सहा-सात महिने लागतात. इतका वेळ शेतकरी पावसाकडे बघतो, अळीकडे बघतो, रात्री रानडुकरांकडे बघतो. तूर घरात आली की पंधरा दिवसांत तिचे पोते बाजारात जाते. बाजार समितीत हर्रास होतो. अडत्या, हमाल, मापारी आपापले काम करतात. व्यापारी ती घेतो आणि डाळ मिलला देतो. मिलची डाळ ठोक दुकानदाराकडे जाते. त्याच्याकडून तालुक्याच्या दुकानात आणि तिथून गावच्या दुकानात येते. प्रत्येक जण आपली मजुरी आणि आपला नफा त्यावर चढवतो. यात सगळेच लुटारू आहेत, असे मी म्हणणार नाही. ओझे उचलणाऱ्याला मजुरी मिळालीच पाहिजे. अकोल्याच्या डाळ मिलींवर हजारो घरांची चूल पेटते. ती माणसेही आपलीच आहेत. पण जी तूर आपल्याच घरी शिजायची आहे, तिला एवढी यात्रा करवण्याचे कारण काय?

"काहून इकता? थांबा ना थोडं," असे मी एकदा एका शेतकऱ्याला म्हणालो. तो म्हणाला, "थांबू कशाचं, गुरुजी? सोसायटीचे पैसे भराचे हायेत. पोराची फी हाये." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. ज्याच्या डोक्यावर देणे आहे त्याला भावाची वाट पाहता येत नाही. म्हणून सगळी तूर ठेवून घ्या, असे मी कोणालाच सांगत नाही. घरी खायला लागते तेवढी तरी ठेवा, एवढेच सांगतो. काहून, ते हिशेबात दिसेल.

बाजारभाव रोज बदलतो. म्हणून समजण्यापुरते सोपे आकडे धरू. पाच माणसांच्या घरात वर्षाला 70 किलो तूरडाळ लागते, असे समजा. एक क्विंटल तुरीपासून साधारण 70 किलो डाळ निघते. तूर 70 रुपये किलोने विकली तर क्विंटलचे 7000 रुपये हातात आले. मग वर्षभर दुकानातून 70 किलो डाळ आणली. 130 रुपये भाव धरला तर 9100 रुपये गेले. म्हणजे विकून आणि विकत घेऊन आपण 2100 रुपये घालवले. तीच क्विंटलभर तूर गावातल्या लहान मिलवर नेली आणि तिथे भरडाईचे 800 रुपये दिले, तर 1300 रुपये वाचले. वर चुनी आणि भुसा घरच्या गाईम्हशीला राहिला. हा वाळवणाचा त्रास सोडून हिशेब आहे. वाळवण घरची बाई करते. तिच्या श्रमाला मोल नाही असे समजू नका. पण ते श्रम धरले तरी व्यवहार तोट्याचा होत नाही.

तुमच्या गावचे खरे भाव घ्या आणि हाच हिशेब पाटीवर मांडून पहा. तुम्हाला आता आकडे लिहिता येतात. त्यांचा उपयोग करा.

आता चुनी म्हणजे काय, भुसा म्हणजे काय, ते सांगतो. तुरीचे पाच दाणे घ्या. रात्रभर पाण्यात भिजवा. सकाळी बोटाने साल सोलून बघा. आत दोन पाकळ्या दिसतील. तीच डाळ. दोन पाकळ्यांच्या सांध्यावर एक बारीक कोंब असतो. शंभर किलो तुरीत तेरा ते पंधरा किलो सालच असते. म्हणजे कितीही चांगले यंत्र आणले तरी पंचाऐंशी किलोपेक्षा जास्त डाळ निघणार नाही. मग सत्तरच का निघते? कारण साल आणि पाकळी यांच्यामध्ये डिंकासारखा चिकट थर असतो. तूर ही फार चिवट. हरभऱ्याची साल सहज सुटते, तुरीची सुटत नाही. जोराने भरडली तर पाकळीच्या कडा झिजतात, तुकडे पडतात, पीठ होते. ते तुकडे, पीठ आणि कोंब मिळून झाली चुनी. साल म्हणजे भुसा. ढोरांना दोन्ही चांगले. तूर शहरात गेली की ही चुनीही शहरातच राहते आणि मग आपणच ती ढेपेच्या दुकानातून विकत आणतो. पहा बरे, आपल्याच शेतातला चारा आपणच विकत घेतो!

आमच्या आयांच्या काळात तूर घरीच भरडत. भिजवायची, कोणी लाल माती चोळायचे, कोणी तेलाचा हात लावायचे, उन्हात वाळवायची आणि जात्यावर भरडायची. सूप घेऊन पाखडायची. ते काम जिवावरचे होते. डाळीचा उताराही कमी पडे. जाते सुटले हे बायांच्या दृष्टीने बरेच झाले. पुन्हा जात्याकडे चला, असे जे शहरातले लोक म्हणतात त्यांनी आधी महिनाभर भरडून पाहावे.

पण जाते गेले आणि त्याच्या जागी एकदम शहरातली मोठी मिल आली. मधली पायरी राहून गेली. ती पायरी आपल्या वऱ्हाडातच तयार झाली, हे पुष्कळांना ठाऊक नाही.

अकोल्याला शेतकी विद्यापीठ आहे. ते 1969 साली सुरू झाले. त्याला डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव दिले आहे. भाऊसाहेबांचा जन्म अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचा, 1898 सालचा. 1952 ते 1962 अशी दहा वर्षे ते देशाचे शेतीमंत्री होते. खेड्यातला मुलगा शिकला पाहिजे आणि शेतकऱ्याला त्याच्या मालाचे मोल मिळाले पाहिजे, या दोन गोष्टींसाठी ते जन्मभर झटले. त्यांच्या नावाच्या या विद्यापीठाने एक लहान डाळ मिल तयार केली. तिला पीकेव्ही मिनी डाळ मिल म्हणतात. एका खोलीत ती मावते. विजेच्या मोटारीवर चालते. तूर, मूग, उडीद, हरभरा, सगळ्यांची डाळ तिच्यावर होते. दोन-चार माणसे ती चालवू शकतात. महिला बचत गटांनी ठिकठिकाणी अशा मिली घेतल्या आहेत. म्हैसूरच्या अन्न संशोधन संस्थेनेही लहान मिली तयार केल्या आहेत, पण आपल्याला जवळची अकोल्याची.

तिचे काम कसे चालते? आधी तूर चाळून खडे, माती, फुटके दाणे काढतात. मग तूर एकदा यंत्रातून काढतात. आतल्या खरबरीत रूळावर दाण्याची साल ओरखडली जाते. साल निघत नाही, तिला नुसते चरे पडतात. मग दाण्याला खाण्याचे तेल चोळतात. फार नाही, क्विंटलला अर्ध्या किलोच्या आतच. ते तेल चऱ्यांतून आत जाते आणि तो डिंकाचा थर ढिला करते. मग दोन-तीन दिवस कडक ऊन. त्यानंतर पाण्याचा हबका मारून झाकून ठेवतात, पुन्हा वाळवतात, आणि मग यंत्रातून काढले की साल वेगळी, डाळ वेगळी. मोठ्या मिलमध्येही मूळ रीत हीच. तिथे यंत्रे मोठी आणि माल फार, एवढाच फरक.

यात सगळ्यात महत्त्वाचे काय? ऊन. आणि उन्हाची वऱ्हाडात काय कमी! फाल्गुन-चैत्राचे ऊन आपण शिव्या देत सोसतो. डाळीसाठी तेच ऊन फुकटची भट्टी आहे. म्हणून डाळ करायची ती मृगाच्या आधी. पावसाळी हवेत केलेली डाळ ओली राहते आणि बुरशी धरते. आणखी एक गोष्ट. अख्ख्या तुरीला भुंगा लवकर लागतो. भुंग्याची मादी दाण्याच्या सालीवर अंडी घालते. डाळीला साल नाही, म्हणून भुंग्याचा उपद्रव कमी. चांगली वाळलेली डाळ कोरड्या डब्यात वर्षभर टिकते.

इथवर घरच्या डाळीचे झाले. आता विकायच्या डाळीचे बोलू. इथे मात्र जपून पाऊल टाकावे लागते.

समजा, दहा बायांच्या गटाने मिल घेतली. 7000 रुपयांची क्विंटलभर तूर घेतली. भरडाई, वीज, तेल मिळून 800 रुपये खर्च. पिशव्या आणि गाडीभाडे 300. झाले 8100. डाळ निघाली 70 किलो. ती 125 रुपयांनी विकली तर 8750 आले. चुनी-भुशाचे 400 धरा. एकूण 9150. उरले 1050. हेच जर तूर नीट वाळवली नाही आणि डाळ 65 किलोच निघाली, तर आले 8525 आणि उरले 425. पाच किलोंत निम्म्याहून जास्त नफा गेला. म्हणून मिल चालवणाऱ्या बाईचे खरे भांडवल म्हणजे तिचा डोळा. तूर किती वाळली, हे तिला दाताखाली दाणा धरून कळले पाहिजे. आणि वही पाहिजे. तूर किती आली, डाळ किती निघाली, चुनी किती, हे दर खेपेला लिहिले पाहिजे. वही नसलेली मिल मी चाललेली पाहिली नाही.

धूळ खात पडलेल्या मिली मात्र पाहिल्या आहेत. अनुदान मिळते म्हणून यंत्र आणतात. उद्घाटनाला हार-तुरे होतात. पुढच्या माघात तूर घ्यायला गटाकडे पैसा नसतो. तूर स्वस्त असते ती दोन महिनेच. तेव्हा घेऊन ठेवली तर वर्षभर काम मिळते, पण त्यासाठी हातात रक्कम लागते. यंत्राला कर्ज मिळते, तुरीला मिळत नाही. माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. केंद्र सरकारने 2020 साली लहान खाद्य उद्योगांसाठी एक योजना काढली. तिच्यात यंत्रसामग्रीला 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपयांपर्यंत अनुदान ठेवले होते. सध्या काय चालू आहे, ते तालुक्याच्या कृषी कार्यालयात जाऊन विचारा. पण विचारताना यंत्राबरोबर खेळत्या भांडवलाचेही विचारा. आणि डाळ विकायची तर अन्न खात्याकडे नोंदणी करावी लागते, तीही करा.

दुसरी अडचण गिऱ्हाइकाची. गटाची डाळ आठवडी बाजारात मांडली की बाया हातात घेऊन पाहतात आणि म्हणतात, "दाय चांगली हाये, पन चमकत नाही." चमक कशाने येते? मोठ्या मिलमध्ये डाळ घासून गुळगुळीत करतात. तेलापाण्याचा हात देतात. व्यापारी तिला फटका डाळ म्हणतात. ती दिसायला देखणी असते. देखणेपणाचे पैसे आपण देतो. पण त्या घासण्यात पाकळीचा वरचा भाग झिजून जातो. शिवाय चमकेच्या आवडीचा फायदा लबाड माणूस घेतो. डाळीला पिवळा रंग चोळून विकण्याचे प्रकार होतात, आणि त्यासाठी वापरतात तो मेटॅनिल यलो नावाचा रंग खाण्याचा नव्हे. डाळ कोमट पाण्यात टाकल्याबरोबर पाणी गर्द पिवळे झाले तर शंका घ्यावी. गावातली डाळ थोडी मळकट दिसते, पण ती कोणी केली, कोणत्या अंगणात वाळवली, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलेले असते. लवकर शिजत नाही अशी तक्रार असेल तर अर्धा तास भिजत घालून शिजवा.

आपल्या वऱ्हाडाची एक जुनी सवय आहे. कच्चा माल द्यायचा आणि पक्का माल घ्यायचा. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिथला कापूस विलायतेला पोचेना. तेव्हा विलायतेच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस हवा झाला. 1867 साली मुंबईहून नागपूरपर्यंत आगगाडी सुरू झाली. ती अकोल्यावरून, बडनेऱ्यावरून गेली. कापूस तिच्यातून गेला आणि कापड तिच्यातूनच आले. ज्वारीच्या रानात कपाशी शिरली. कारंजाला 1886 साली कायद्याने बांधलेला कापसाचा बाजार सुरू झाला. असा बाजार देशात तो पहिला. 1897 साली वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदाही झाला. म्हणजे विकण्याची व्यवस्था आपल्याकडे सगळ्यांच्या आधी झाली. पण त्याच सुमारास, 1896-97 साली आणि पुन्हा 1899-1900 साली, दुष्काळ पडला. पांढरे सोने पिकवणारा मुलूख दाण्याला महाग झाला. पैसा असून धान्य महाग आणि मजुराजवळ तर पैसाही नाही. आपल्या पणजोबांनी ते पाहिले.

इतके दूर कशाला जायचे? तुम्हाला आठवत असेल, 2015 सालच्या दसरा-दिवाळीत तूरडाळ 200 रुपये किलोपर्यंत चढली होती. गरिबाच्या घरी वरण पातळ झाले. सरकारने परदेशातून तूर मागवली. ब्रह्मदेशातून आली, आफ्रिकेतल्या मोझांबिकहून आली. भाव पाहून पुढच्या साली शेतकऱ्याने तूर भरपूर पेरली. पाऊस बरा झाला. पीक उदंड आले. आणि 2017 च्या सुरुवातीला भाव कोसळला. सरकारचा हमीभाव क्विंटलला 5050 रुपये होता, बाजारात तेवढाही मिळेना. सरकारी खरेदी केंद्रांवर गाड्यांच्या रांगा लागल्या. कुठे बारदाना नाही, कुठे गोदामात जागा नाही. माणसे पोत्यांवर झोपली. तूर खाणाऱ्याने 2015 साली मार खाल्ला आणि पिकवणाऱ्याने 2017 साली. आपल्याकडे हे दोघे पुष्कळदा एकच असतात.

गावात मिल असती तर भाव कोसळला नसता असे नाही. ते एका मिलच्या हातात नाही. पण ज्याने घरापुरती डाळ करून ठेवली होती, त्याला 2015 ची दिवाळी जड गेली नाही. आणि 2017 मध्ये ज्यांना तूर भरडून डाळ करून विकता आली, त्यांच्याजवळ रांगेत उभे राहण्याखेरीज दुसरा एक रस्ता होता.

मिल टिकायची तर गिऱ्हाईक गावातलेच पाहिजे. आपल्याकडे लग्नाच्या पंगती होतात, देवाच्या नावाने रोडग्यांचे जेवण होते, सप्ताहाचा महाप्रसाद होतो. एकेका पंगतीला दोन-दोन पोती डाळ शिजते. ती डाळ तालुक्याच्या दुकानातून येते. ती गावच्या गटाकडून घेण्याचे गावाने ठरवले, तर गटाला महिन्याचे काम एका पंगतीत मिळते. गटानेही मग माल चोख दिला पाहिजे. बायांचा गट आहे म्हणून खडेवाली डाळ खपवून घ्या, असे कोणी म्हणू नये. आपलेपणाने एकदा डाळ खपते, दुसऱ्यांदा खपत नाही. गावातल्या दुकानदारालाही या कामात धरावे. त्याला वगळून केलेले काम तो पाडतो. किलोमागे त्याला दोन-चार रुपये सुटले तर तोच ती डाळ पुढे मांडील.

डाळीचे जे, तेच थोड्याफार फरकाने ज्वारीच्या कण्यांचे, करडीच्या तेलाचे, हळदीचे. वर्ध्याच्या मगनवाडीत 1934 पासून ग्रामोद्योग संघाने तेलघाणी सुधारण्याचे पुष्कळ काम केले होते. त्याविषयी पुन्हा कधीतरी.

या फाल्गुनात तुम्हाला डाळ करायची असेल तर एवढे करा. मिलवाल्याला आधी भेटून भाव विचारा. भरडाई तुरीच्या वजनावर घेतो की डाळीच्या, ते पक्के करा, कारण दोन्हींत फरक पडतो. तूर घरीच चाळून आणि एक दिवस ऊन देऊन न्या. काट्यावर स्वतः आकडा वाचा आणि कागदावर लिहा. परत आणताना डाळ मोजा, चुनी मोजा, भुसा मोजा. तिन्हींची बेरीज तुरीच्या वजनापेक्षा थोडी कमी भरेल. वाळताना आणि उडताना चार-सहा किलो जातातच. त्यापेक्षा जास्त तूट आली तर तिथेच विचारा, घरी येऊन कुरकुर करू नका. आणि चुनीचे पोते मिलवर विसरू नका. पुष्कळ जण विसरतात.